कोला, पावती आणि अर्धी बादली

भोर तालुक्यात रोहिड्याच्या वाटेवर माझ्या मावशीचं घर आहे. हिवाळ्यात शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्यांची तिथे रांग लागते. एकदा मावशी चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. तेवढ्यात गॉगल लावलेल्या दोन मुली थेट स्वयंपाकघरात आल्या, चार फोटो काढले, 'किती गोड!' म्हणाल्या आणि गेल्या. मावशी एवढंच म्हणाली, "विचारलं असतं तर चांगलं लुगडं तरी नेसले असते."

पश्चिम आफ्रिकेतल्या खेड्यांत जाऊन राहण्याबद्दल मला जे सांगायचंय, ते त्या लुगड्यापासून सुरू होतं. मी घानाला दोनदा गेले, २०१९ च्या जानेवारीत आणि मग २०२३ च्या फेब्रुवारीत. दोन्ही वेळा तीन-तीन आठवडे, आणि बहुतेक मुक्काम गावांत. आल्यापासून भिशीत, ट्रेकच्या ग्रुपवर, सोसायटीच्या जिन्यात एकच प्रश्न येतो : "आम्हालाही जायचंय, कसं करायचं?" म्हणून एकदाच लिहून काढते. मी बँकेत इन्स्पेक्शनला होते, आणि नोकरीतली निम्मी वर्षं खेड्यातल्या शाखा तपासण्यात गेली. तेव्हा यात सूर्यास्त कमी आणि हिशेब जास्त निघेल, हे आधीच सांगते.

देश आणि दिवस

पहिल्यांदा जाणाऱ्याने घानाच धरावा. कारभाराची भाषा इंग्रजी आहे, गावातला शिकलेला पोरगा तुमच्याशी थेट बोलू शकतो. सेनेगल, टोगो, बेनिन इथे फ्रेंच येत नसेल तर सगळं दुभाष्याच्या तोंडून होतं, आणि दुभाष्याच्या तोंडून हिशेब विचारता येत नाही. मालीमधल्या बांदियागाराच्या कड्यावरची डोगोन लोकांची गावं १९८९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. बुर्किना फासोमधला तिएबेलेचा रंगवलेला राजवाडा २०२४ साली त्या यादीत आला. फोटो बघून जीव तुटतो, पण या दोन्ही देशांत सशस्त्र संघर्ष चालू आहे. तिथे सध्या जाऊ नये. 'आपल्याला कोण काय करतंय' हा पुणेरी आत्मविश्वास सिंहगड रोडवर ठीक आहे. घानाच्याही उत्तर सीमेलगतच्या पट्ट्यासाठी निघण्याआधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचा, आणि तिकडे पोचल्यावर मुक्कामाच्या ठिकाणी पुन्हा विचारा.

मुंबईहून अदिस अबाबामार्गे अक्रा हा सोपा रस्ता. व्हिसा आधीच काढायचा. नोव्हेंबर ते मार्च हा कोरडा हंगाम, त्यात डिसेंबर ते फेब्रुवारी सहाराकडून हरमटान नावाचा वारा येतो. बारीक धूळ, फुटलेले ओठ, दुपारीही धुरकट सूर्य. ज्यांना दमा आहे त्यांनी नोव्हेंबर किंवा मार्च बघावा. शेतकऱ्यांच्या दृष्टीने मात्र हाच काळ बरा, कारण सुगी उरकलेली असते. पेरणीच्या दिवसांत पाहुणा म्हणून जाणं म्हणजे आपल्याकडे भातलावणीच्या आठवड्यात कोकणात नातेवाइकांकडे जाऊन बसण्यासारखं.

लस

पीतज्वराची लस घेतल्याशिवाय घानात शिरता येत नाही. आणि तिकडून परतताना तिचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. ही लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच मिळते. तिथे ठरावीक वार असतात, त्यामुळे तिकीट काढल्याबरोबर नंबर लावा. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि ते आता आयुष्यभर चालतं. साठी ओलांडलेल्यांना या लसीचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून डॉक्टरांशी नीट बोलून घ्या. मी पन्नाशीतच घेतली होती ते बरं झालं. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टर लिहून देतील त्या आणि सांगतील तितके दिवस, म्हणजे परत आल्यावरही, घ्यायच्या. तिकडचा मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम जातीचा आहे, तो मेंदूपर्यंत जातो. मच्छरदाणी गावात मिळते, पण भोकं बघून घ्या. तलावात आणि संथ पाण्यात उतरू नका, त्यात बिल्हार्झिया या आजाराचे कृमी असतात. लशीचं एवढं पुरे.

गाव कसं पारखायचं

इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

'गावाने चालवलेलं पर्यटन' ही पाटी कुणीही लावू शकतो. शहरातला एजंट चार झोपड्या भाड्याने घेतो, संध्याकाळी ढोल वाजवायला पोरं बोलावतो आणि वेबसाइटवर गावकऱ्यांचे हसरे फोटो टाकतो. खरं-खोटं कसं ओळखायचं? मी शाखेत गेल्यावर जे विचारायचे तेच तिथे विचारते. दर कोण ठरवतं? पैसे कुणाच्या हातात जातात? पावती मिळते का? समिती असेल तर शेवटची बैठक कधी झाली, आणि त्यात बाया किती होत्या? मागच्या वर्षी या पैशातून काय झालं? उत्तर 'बोअरवेल' असं आलं तर मी म्हणते, दाखवा बरं. दाखवताना माणसाचा चेहरा खुलतो की तो घड्याळ बघतो, यावरून मला निम्मं कळतं. हे प्रश्न उद्धट नाहीत. फक्त पहिल्या तासात विचारू नका, आधी जेवा.

बोआबेंग-फिएमा ही मध्य घानातली जोडगावं. तिथल्या जंगलात मोना आणि काळीपांढरी कोलोबस अशा दोन जातींची माकडं आहेत, आणि गावकरी त्यांना देवाची लेकरं मानतात. माकड मेलं तर त्याला माणसासारखं पुरतात. तिथे माकडांची दफनभूमी आहे, लाकडी पाट्या लावलेली. आमच्या गटातल्या एका काकांना हे फार विचित्र वाटलं. मी त्यांना आठवण करून दिली, की वानर मेल्यावर त्याची अंत्ययात्रा काढून तेरावं घालणारी गावं आपल्याकडेही आहेत. १९७० च्या दशकात काही नव्या पंथाच्या लोकांनी 'हे सगळं थोतांड' म्हणून माकडं मारायला सुरुवात केली. तेव्हा गावच्या वडीलधाऱ्यांनी हालचाल केली आणि १९७५ साली स्थानिक उपविधी करून शिकारीवर बंदी आली. म्हणजे पर्यटक येण्याच्या आधीपासून हे राखणं गावाचं आहे. तिकीट नंतर आलं. मला अशी गावं आवडतात, जिथे आपण नसतो तरी ते काम चाललंच असतं.

दुसरं उदाहरण वेचियाऊ. घानाच्या अगदी वायव्य कोपऱ्यात, वा शहराच्या पलीकडे, काळ्या व्होल्टा नदीच्या काठी. नदीत पाणघोडे आहेत, पलीकडचा काठ बुर्किना फासोचा. १९९० च्या दशकाच्या अखेरीला तिथल्या प्रमुखांनी आणि गावांनी मिळून नदीचा पट्टा राखीव केला. काठालगत शेती आणि शिकार बंद, आणि बदल्यात पर्यटनाचं उत्पन्न गावांना. २००८ साली त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. पहाटे लाकडी होडीतून जायचं, पाणघोडा दिसला तर दिसला. मला पहिल्या दिवशी दोन कान आणि एक फुरफुर दिसली. गाइडने त्याबद्दल माफी मागितली नाही, हे मला विशेष आवडलं. पण होडीत बसण्याआधी कार्यालयात नाव लिहून पैसे भरले, तेव्हा दर भिंतीवर लावलेले होते आणि पुस्तकातून फाडलेली, अनुक्रमांक असलेली पावती हातात आली. मी ती पाकिटात जपून ठेवली. नवरा म्हणाला, "तुला पाणघोड्यापेक्षा पावती बघून आनंद झाला." झाला होता.

भिंतीवर लावलेल्या दरात घासाघीस करायची नाही. बाजारात वांगी घेताना करा, तिथे तो खेळ आहे. गाइडच्या मजुरीवर तुळशीबाग करणं लाजिरवाणं. उलट वाटेत कुणी 'मी स्वस्तात नेतो' म्हणाला, तर त्याच्यामागे जाऊ नका. ते पैसे समितीच्या वहीत जात नाहीत, आणि गावात भांडण लागतं ते वेगळंच.

अजून एक गोष्ट विचारून घ्या : गावाचं पोट कशावर चालतं? सेनेगलच्या दक्षिणेला कासामान्स भागात १९७० च्या दशकातच गावकऱ्यांनी चालवायची विश्रामगृहं सुरू झाली होती. स्थानिक पद्धतीची मातीची घरं. काही ठिकाणी गोल आकाराची, मधल्या चौकात पावसाचं पाणी उतरवणारी. वाड्यात वाढलेल्या माणसाला ती बघताच ओळखीची वाटतील. नफ्यातून दवाखाने झाले, शाळांना मदत झाली. पुढे १९८२ पासून तिथे फुटीरतावादी संघर्ष पेटला आणि पाहुणे आटले. ज्यांनी भातशेती सोडली नव्हती ते तगले असणार, हा माझा अंदाज नाही, साधं शेतकरी शहाणपण आहे. पर्यटन हा जोडधंदाच हवा. ज्या गावात सगळे तरुण गाइड झालेत आणि शेतं पडीक आहेत, तिथे मी दोन दिवसांच्या वर राहत नाही.

किती जण

सहापेक्षा जास्त नकोत. आपल्याकडच्या चाळीस जणांच्या सहलीला, जिच्यासोबत आचारी आणि पोह्यांचं पोतं जातं, अशा गावात काही काम नाही. तुमचा आचारी रांधणार, तर गावातल्या बायांच्या चुलीला काय मिळालं? तुम्ही पैसे खोलीचे दिले असं वाटतं, पण गावात खरा पैसा जेवणातून वाटला जातो : एकीचं पीठ, दुसरीची कोंबडी, तिसरीचं सरपण.

आधी पाणी, मग काम

दक्षिण घानातल्या अकान लोकांच्या घरात शिरलात की आधी बसायला देतात, मग पाणी देतात, आणि पाणी पिऊन झाल्यावरच विचारतात, 'आमानेए?' म्हणजे कसं काय येणं केलंत. तोवर तुम्ही काही बोलायचं नाही. गूळ-पाणी देणाऱ्या माणसांना हे समजावून सांगायला नको. तरी आपण शहरात राहून विसरलोय, आणि फाटकातूनच 'ते वीव्हिंग कुठे बघायला मिळेल?' असं ओरडतो.

गावात राहायचं तर प्रमुखाला भेटावंच लागतं. दक्षिणेकडे यासाठी दारूची बाटली नेतात, तिच्यातून पूर्वजांना धार सोडतात. उत्तरेकडे, जिथे मुस्लिम वस्ती बरीच आहे, तिथे कोला नेतात. कोला म्हणजे मोठ्या बोराएवढ्या, पांढऱ्या किंवा लालसर बिया. पांढऱ्यांना मान जास्त. आपल्याकडे सुपारीला जे स्थान आहे तेच. सोयरीक असो, बारसं असो, तंटा मिटवणं असो, कोला हवाच. उत्तरेतल्या तामाले शहराच्या बाजारात बायका ओल्या पानांत गुंडाळून विकतात. सोबत एका पाकिटात थोडे पैसेही ठेवायचे. किती, ते गाइड सांगतो.

तामालेजवळच्या दागोंबा लोकांच्या एका गावात आमची भेट झाली ती अशी. गोल मातीचं दालन, आत मिणमिणता उजेड. प्रमुख कातड्यावर बसलेला. उत्तरेकडे गादी म्हणजे जनावराचं कातडं, दक्षिणेकडे लाकडी चौरंग. आम्ही चपला बाहेर काढल्या, आत जाऊन उकिडवे बसलो. 'दासिबा', म्हणजे शुभ सकाळ. तिकडून 'नाआ'. मग घरचे कसे, काम कसं, झोप कशी, प्रत्येकाला 'नाआ'. हे दोन-तीन मिनिटं चाललं. प्रमुखाशी थेट बोलायचं नाही. वुलाना नावाचा त्याचा माणूस मध्ये असतो, तुम्ही त्याला सांगायचं, तो पुढे सांगतो. प्रमुखाला इंग्रजी उत्तम येत होतं, पण माझं प्रत्येक वाक्य वुलानामार्फतच फिरत होतं. मला पेशवाईतला कारभारी आठवला. कोला मी उजव्या हाताने पुढे केला. डावा हात देण्या-घेण्याला, खाण्याला, बोट दाखवायलासुद्धा चालत नाही. हे आपल्याला सोपं जायला हवं, पण उजव्या हातात मोबाइल असतो तिथे घोटाळा होतो. प्रमुखाने एक कोला फोडून अर्धा मला दिला. तोंड कडू झालं, आणि त्यावर पाणी प्यायले तर ते आवळा खाल्ल्यावर लागतं तसं गोड लागलं. मी तसं म्हणाले. वुलानाने भाषांतर केलं आणि दालनातली सगळी म्हातारी माणसं हसली. तिथून पुढे चार दिवस मी त्या गावात परकी नव्हते.

हिंदी सिनेमा उत्तर घानात फार जुना आहे, आणि अलीकडे हिंदी मालिका तिकडच्या भाषांत डब होऊन लागतात. त्यामुळे तुम्हाला नट-नट्यांबद्दल विचारतील. गाणं म्हणा म्हणतील. म्हणावं. अकान भागात तुमचा जन्मवार विचारतील, कारण तिथे माणसाला जन्मवाराचं नाव असतं. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. बुधवारची मुलगी अकुआ, शुक्रवारची अफुआ. मी शुक्रवारची. आमच्या शहरात सातही वारांच्या पेठा आहेत हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. मी शपथेवर सातही मोजून दाखवल्या.

माझी चूक

पहिल्या खेपेला मी लक्ष्मी रोडवरून दोनशे पेनं आणि पाच किलो चिक्की घेऊन गेले होते. एका गावात, नाव सांगत नाही, शाळा सुटायच्या वेळी झाडाखाली पिशवी उघडली. पाच मिनिटांत साठेक मुलं. पुढची मोठी पोरं मागच्या लहानांना ढकलू लागली, एका चिमुरडीचं बोट चिरडलं, ती रडायला लागली आणि तरी दुसरा हात पसरून उभी. एक शिक्षक धावत आले. त्यांनी छडी काढली नाही, आवाजही चढवला नाही. मुलांना घरी पाठवलं आणि मला शांतपणे म्हणाले, "उद्यापासून प्रत्येक परका दिसला की ही हात पसरणार. तुम्ही तर जाल."

त्या रात्री मला झोप आली नाही. आपण वर्षातून एकदा आश्रमशाळेत केळी वाटून फोटो काढतो ते सगळे फोटो डोळ्यांपुढून गेले. दुसऱ्या दिवशी उरलेली पेनं मुख्याध्यापकांच्या खोलीत नेऊन दिली, त्यांनी साठावहीत नोंद केली. काही द्यायचंच असेल तर असं : मोठ्यांच्या हाती, विचारून, नोंद करून. आणि शक्यतो तिथल्याच बाजारातून घेतलेलं. तामालेच्या दुकानदारालाही दोन पैसे मिळू देत.

जुने कपडे तर अजिबात नेऊ नका. आपल्याला वाटतं, बोहारणीला देण्यापेक्षा गरिबाला दिलेलं बरं. अक्रामध्ये कांतामांतो नावाचा जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार आहे. जगभरच्या श्रीमंत देशांनी टाकलेले कपडे तिथे गठ्ठ्यांनी येतात, आणि न खपलेले गटारांतून समुद्रकिनाऱ्यावर जाऊन पडतात. त्या कपड्यांना तिकडे 'ओब्रोनी वावू' म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे. त्यात आपल्या कुर्त्यांची भर नको.

अनाथाश्रमात 'एक दिवस मुलांसोबत' असं काही कुणी देऊ केलं तर नाही म्हणा. अशा ठिकाणच्या बऱ्याच मुलांचे आईबाप जिवंत असतात. पाहुणे येतात म्हणून मुलं ठेवली जातात. शाळेच्या वेळात वर्गात डोकावू नका. तुमच्या नातवाच्या वर्गात रोज कुणी परदेशी येऊन सेल्फी काढले तर चालेल का?

पोटाचं

शाकाहाऱ्यांनो, नीट वाचा. 'मांस नको' म्हटलं की मासे येतात. 'मासे नको' म्हटलं की सुकटीची पूड घातलेली भाजी येते, कारण ती त्यांच्या लेखी मसाला आहे. शितो नावाची काळी झणझणीत चटणी दिसते आपल्या ठेच्याची बहीण, पण तिच्यात सुका मासा किंवा कोळंबी असतेच. रांधणाऱ्या बाईला आदल्या दिवशी, चुलीपाशी जाऊन सांगा, गाइडमार्फत नको.

मग काय खायचं? वाक्ये, म्हणजे चवळी घालून शिजवलेला तांबूस भात. सकाळी कोको, बाजरीची आंबवलेली आंबील, आल्याचा तिखटपणा असलेली. तिच्याबरोबर कोसे, म्हणजे भिजवलेल्या चवळीचे वडे, गरम गरम, डोळे मिटून खाल्ले तर आजीच्या घरी आहोत असं वाटावं. मी त्या बाईला म्हणाले, हे आमच्याकडचंच. नंतर वाचलं तर उलटं निघालं. बाजरी आणि चवळी दोन्ही पश्चिम आफ्रिकेत माणसाने प्रथम पिकवली आणि तिथून हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. म्हणजे मावशीची भाकरी मूळची तिकडची. रस्त्याकडेला भाजलेलं केळं आणि शेंगदाणे मिळतात. त्याला 'कोफी ब्रोकमन' म्हणतात, कडका झालेल्या कोफीचं जेवण. महिनाअखेरीला मी मनात त्याला अजून तेच म्हणते.

पाण्याच्या पाऊच सगळीकडे मिळतात, अर्ध्या लिटरच्या, आणि त्यांचं प्लास्टिक गावाच्या नाल्यात साचतं. गाळणीवाली बाटली न्या. झालेला कचरा शहरात परत आणा. आंघोळीला अर्धी बादली. बोअरवेलवरून ती बादली कुणीतरी डोक्यावर आणलेली असते, बहुतेक एखादी मुलगी, शाळेच्या आधी. मी तिसऱ्या दिवशी स्वतः पाणी आणायला गेले. सगळ्या बाया खदखदून हसल्या, कारण डोक्यावरचं निम्मं पाणी माझ्या पाठीवर आलं. लहानपणी हंडा घेता यायचा मला. मान आता ऐकत नाही.

पैसे

चलन सेडी. हा शब्द अकान भाषेतल्या कवडी या अर्थाच्या शब्दावरून आला, आणि त्या कवड्या शतकानुशतकं तिकडे जायच्या आपल्या शेजारच्या मालदीवमधून. अक्रात डॉलर बदलून घ्या, आणि गावात जाण्याआधी सुट्टे करा. मोठी नोट दिली की पाच घरं फिरून सुट्टे आणतात आणि आपल्याला ओशाळं होतं. गावातही मोबाइल मनी चालतं, पण समितीचे पैसे कुणाच्या वैयक्तिक नंबरवर पाठवू नका. पावती. मी पुन्हा म्हणणार नाही.

हात लावून शिका

बघण्यापेक्षा शिकण्याचे पैसे द्यावेत. ते जास्त असतात आणि बहुतेक बायांना मिळतात. उत्तर घानातल्या बोलगातांगा शहराहून नावरोंगोच्या रस्त्याला कांडिगा फाट्यावरून आत गेलं की सिरिगू येतं. तिथे मेलानी कासिसे यांनी १९९७ साली बायकांची संघटना उभी केली, मातीची भांडी आणि भिंतचित्रांची. राहायला त्यांच्याच खोल्या आहेत. भिंत रंगवायचं काम तिथे बायकांचंच.

मला एका बाईंच्या हाताखाली दिलं, साधारण माझ्याच वयाच्या. आधी माती आणि शेणाचा गिलावा. मी न सांगता हात घातला, कारण सारवण मला येतं. बाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शेजारणीला काहीतरी म्हणाल्या. गिलावा ओला असतानाच लाल मातीचा थर, मग काळा, मग पांढरा. तीनच रंग, तिन्ही दगड-मातीतून काढलेले. रंग बसला की गुळगुळीत गोट्याने घासायचं, भिंत चकाकेपर्यंत. घासून घासून माझा खांदा गेला. बाई माझ्या दुप्पट वेगाने चालल्या होत्या, आणि मध्येच माझा भाग पुन्हा घासून टाकत होत्या, न बोलता. आकृत्या आखल्या त्यांनीच : फुटक्या भोपळ्याचे त्रिकोण, आणि वरून सरपटत जाणारा अजगर, घराची राखण करणारा. शेवटी दावादावा नावाच्या झाडाच्या शेंगा उकळून काढलेलं तपकिरी पाणी भिंतीवर शिंपडलं. त्याने रंग पावसात टिकतो. मग सही करा म्हणाल्या. मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, कोपऱ्यात, लहान, म्हणजे कुणी किती खराब घासलंय ते कळेल.

फोटो

विचारा, थांबा, नाही म्हटलं तर कॅमेरा खाली. देवस्थानांचा, मंतरलेल्या वस्तूंचा फोटो विचारल्याशिवाय कधीच नाही. उत्तर सीमेवरच्या पागा गावाजवळ पिकवोरो नावाची जागा आहे, जिथे गुलाम म्हणून पकडलेल्या माणसांना दक्षिणेकडे हाकण्याआधी ठेवत. त्यांनी जेवायला वापरलेल्या खळग्या खडकात अजून आहेत. तिथे हसरा सेल्फी काढणारी माणसं मी पाहिली. त्यात आपलीही होती.

आणि काढलेला फोटो कागदावर परत द्या. सिरिगूच्या बाईंना मी फोटो काढू का विचारलं, तर त्या आत गेल्या. वीस मिनिटांनी आल्या त्या निळ्या नक्षीचा कडक इस्त्रीचा झगा आणि डोक्याला त्याच कापडाचा फेटा बांधून. हात अजून लाल मातीचे होते, ते त्यांनी पाठीमागे धरले.

बोलगातांगात एका स्टुडिओत चार प्रती काढल्या आणि सिरिगूकडे जाणाऱ्या ट्रोट्रोवर पाठवल्या. ट्रोट्रो म्हणजे तिकडचं वडाप, आणि एसटीने डबा पाठवावा तसं त्यावरून काहीही पाठवता येतं. कंडक्टरला तिथे मेट म्हणतात. त्याने पाकिटाचे पैसे घेतले. मी सवयीने पावती मागितली. त्याने आधी ड्रायव्हरकडे बघितलं, मग बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर रक्कम लिहिली, खाली सही ठोकली, आणि उजव्या हाताने माझ्यापुढे धरली. तो पुठ्ठा मी वेचियाऊच्या पावतीमागे टाचून ठेवलाय.